क्लबफूट असलेल्या बाळाची काळजी: पालकांना वारंवार पडणारे प्रश्न

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचे उजवे पाऊल आतल्या बाजूला वळलेले होते. आज ती सहा वर्षांची आहे आणि तिचे बूट-दांडी (पाऊल पुन्हा वळू नये म्हणून घालायचे, एका दांडीने जोडलेले दोन बूट) घालणे बंद होऊन वर्ष उलटून गेले आहे. खालचे प्रश्न काही मला स्वतःला पडले होते, तर काही प्लास्टरच्या खोलीबाहेर ताटकळत बसलेल्या आई-वडिलांनी मला विचारले होते. उत्तरे एका आईच्या अनुभवातून आणि डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेल्या गोष्टींतून लिहिली आहेत. आपल्या बाळाच्या बाबतीतला निर्णय मात्र त्याचे पाऊल हातात घेऊन तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

क्लबफूट म्हणजे नेमके काय? ते आपोआप सरळ होते का?

क्लबफुटामध्ये पाऊल घोट्यापासून आत आणि खाली वळलेले असते, टाच वर ओढलेली असते, तळव्याची कमान प्रमाणापेक्षा खोल असते आणि पावलाचा पुढचा भाग आत झुकलेला असतो. साधारणपणे हजारात एका बाळाला हा दोष जन्मतः असतो. मुलांमध्ये तो मुलींच्या सुमारे दुप्पट आढळतो आणि जवळजवळ निम्म्या बाळांमध्ये दोन्ही पावले वळलेली असतात. गर्भाशयात अवघडून राहिल्यामुळे काही बाळांचे पाऊल नुसतेच वळलेले दिसते. ते हाताने सहज सरळ होते आणि बहुधा काही आठवड्यांत मूळ स्थितीत येते. खऱ्या क्लबफुटात स्नायुबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे) आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आखूड व ताठ झालेले असल्यामुळे पाऊल हाताने पूर्ण सरळ होत नाही आणि वाट पाहूनही सुधारत नाही. या दोहोंतला फरक डॉक्टरांनीच ठरवावा. पाऊल किती ताठ आहे हे मोजण्यासाठी ते बहुधा पिरानी गुणांकन वापरतात, ज्यात सहा खुणा तपासून 0 ते 6 असे गुण देतात. गुण जितके जास्त, तितके पाऊल अधिक वळलेले.

गरोदरपणात माझ्याकडून काही चूक झाली का?

हा प्रश्न मी पहिल्या आठवड्यात रोज स्वतःला विचारत होते, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत लिहिते: नाही. बहुतेक बाळांमध्ये क्लबफुटाचे एकच एक कारण सापडत नाही. अनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो आणि गरोदरपणातील धूम्रपानाने धोका वाढतो असे आढळले आहे, परंतु आई कशी झोपली, किती चालली किंवा तिने काय उचलले याचा त्याच्याशी संबंध नाही. काही थोड्या बाळांमध्ये मणक्याचा किंवा स्नायूंचा दुसरा आजार सोबत असतो, म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर पाठ, खुबे आणि हातही तपासतात. ही तपासणी पाहून घाबरून जाऊ नये. बाकीचे बाळ पूर्णपणे ठीक आहे ना, एवढीच खात्री ते करून घेत असतात.

गर्भावस्थेतील सोनोग्राफीत क्लबफूट दिसला तर काय करावे?

विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत तो पुष्कळदा दिसतो. त्यावर जन्माआधी उपचार नसतात, पण हाताशी वेळ मिळतो: पोन्सेटी पद्धतीचा (हाताने पाऊल हळूहळू वळवून प्लास्टर घालण्याच्या पद्धतीचा) नियमित सराव असलेले डॉक्टर शोधून ठेवावेत आणि प्रसूतीपूर्वीच एकदा त्यांना भेटून यावे.

उपचार कधी सुरू करावेत? उशीर झाला असेल तर?

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात व्हावी, कारण त्या वयात ऊती सर्वांत लवचिक असतात. तरीही ही रात्रीत धावपळ करण्यासारखी आणीबाणी नाही. बाळाला कावीळ असेल किंवा वजन कमी असेल, तर आधी त्याची प्रकृती सावरू द्यावी. ज्यांना हे उशिरा कळले त्यांनीही निराश होऊ नये. चालू लागलेल्या मुलांवरही याच पद्धतीने उपचार केले जातात, फक्त प्लास्टरांची संख्या वाढू शकते.

पोन्सेटी पद्धत म्हणजे काय?

इग्नासियो पोन्सेटी (1914–2009) हे स्पेनमध्ये जन्मलेले अस्थिरोगतज्ज्ञ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम करत होते. त्या काळी क्लबफूट असलेल्या बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया केल्या जात. त्यांतली अनेक पावले दिसायला सरळ झाली तरी मोठेपणी ताठ आणि दुखरी राहतात, हे पोन्सेटींच्या लक्षात आले. म्हणून 1940च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी पाऊल न उघडता हाताने हळूहळू वळवण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीत घोट्याखालच्या टॅलस नावाच्या हाडावर अंगठा टेकवून ते स्थिर धरतात आणि बाकीचे पाऊल त्याभोवती अलगद बाहेरच्या दिशेने वळवतात; मग ती स्थिती बोटांपासून मांडीपर्यंतच्या प्लास्टरने पाच ते सात दिवस टिकवून ठेवतात. दर आठवड्याला जुने प्लास्टर काढून पाऊल आणखी थोडे वळवायचे आणि नवे प्लास्टर घालायचे, असे साधारण पाच ते सात वेळा करावे लागते. गुडघा काटकोनात वाकवलेला असतो, कारण गुडघ्याखालचे आखूड प्लास्टर निसटते आणि त्यात पाऊल बाहेर वळलेले राहत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या प्लास्टरनंतर पाऊल पूर्वीपेक्षा जास्तच आत वळलेले दिसते. आम्ही दोघे ते पाहून हादरलो होतो आणि काही चुकले आहे असे समजून परत आत गेलो होतो. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात फक्त तळव्याची खोल कमान उलगडायची असते आणि त्यासाठी अंगठ्याकडची बाजू वर उचलावी लागते, म्हणून ते तसे दिसते. बाहेर वळवणे दुसऱ्या प्लास्टरपासून सुरू होते आणि सर्वांत शेवटी टाच खाली येते.

प्लास्टर घालताना बाळाला दुखते का?

योग्य हातांनी केलेले हे काम दुखरे नसते. बाळ रडते ते बहुधा पाय धरून ठेवल्यामुळे, भुकेमुळे आणि ओल्या प्लास्टरच्या गारव्यामुळे. आम्ही निघण्याआधी तिला पोटभर पाजत नसू. प्लास्टर सुरू होताच मी तिला पाजायला घेत असे आणि डॉक्टर तेवढ्या वेळात पाय गुंडाळून घेत. बाळ शांत असेल तर मांडीचे स्नायू सैल राहतात आणि प्लास्टर नीट बसते, त्यामुळे पाजणे हा त्या कामाचाच एक भाग आहे असे समजावे आणि डॉक्टरांना तसे विचारायला संकोच करू नये.

प्लास्टर असताना अंघोळ, डायपर आणि झोप कशी सांभाळावी?

अंघोळ बंद; ओल्या मऊ कपड्याने अंग पुसून घ्यावे. प्लास्टरची मांडीकडची कड डायपरच्या आत येऊ देऊ नये, कारण तिथून ओल आत शिरते आणि कातडी सोलवटते. आम्ही डायपर नेहमीपेक्षा थोड्या लवकर बदलत असू आणि रात्री एकदा ठरवून उठत असू. झोपताना टाचेवर भार येऊ नये म्हणून पोटरीखाली दुमडलेला मऊ कपडा ठेवावा, टाच अधांतरी राहावी. ओझ्याची सवय बाळाला आई-वडिलांपेक्षा लवकर होते. चौथ्या दिवशी माझी मुलगी प्लास्टरचा पाय उचलून गादीवर आपटत होती आणि त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत होती.

कोणत्या खुणा दिसल्यास थांबू नये?

दर डायपरच्या वेळी बोटे पाहावीत. ती गुलाबी आणि उबदार असावीत. नखावर हलके दाबून सोडले की पांढरे पडलेले नख लगेच पुन्हा गुलाबी व्हायला हवे. बोटे निळसर, पांढुरकी, थंड किंवा खूप सुजलेली असतील, प्लास्टरमधून दुर्गंधी किंवा स्राव येत असेल, प्लास्टर मऊ पडले किंवा तडकले असेल, बाळाला दुसऱ्या कारणावाचून ताप असेल किंवा ते काही केल्या शांत होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

सर्वांत फसवी खूण म्हणजे आत गेलेली बोटे. प्लास्टर खाली सरकले की बोटे आखडल्यासारखी दिसू लागतात आणि आत पाऊल चुकीच्या स्थितीत दाबले जाते. यासाठी नवे प्लास्टर वाळल्यावर बोटांच्या टोकांशी पेनने रेघ मारून ठेवावी. तिसऱ्या प्लास्टरच्या वेळी आमच्या रेघेपासून बोटे चांगली नखभर मागे गेलेली दिसली. आम्ही पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता गेलो आणि डॉक्टरांनी ते काढून नवे घातले. सरकलेले प्लास्टर ठेवण्यापेक्षा ते नसलेले बरे, असे त्यांनी आम्हाला सांगितले.

आदल्या रात्री घरी प्लास्टर भिजवून काढले तर चालते का?

काही ठिकाणी तसे सांगतात, कारण बाळाला अंघोळ घालता येते. परंतु आठवडाभर ताणलेल्या ऊती प्लास्टर निघताच पुन्हा आखडू लागतात, म्हणून नवे प्लास्टर घालण्याच्या अगदी आधी जुने काढणे अधिक चांगले. आम्ही निघण्यापूर्वी पायाला ओला कपडा गुंडाळून प्लास्टर मऊ करत असू आणि ते प्रत्यक्ष तिथेच उलगडले जाई.

टाचेची शिर कापावी लागते असे ऐकले. ही मोठी शस्त्रक्रिया असते का?

लोक जिला शिर म्हणतात ती टाचेमागची अकिलीस कंडरा. पाऊल पुरेसे बाहेर वळले तरी बहुसंख्य बाळांची टाच वरच राहते, कारण ही जाड कंडरा प्लास्टरने ताणली जात नाही. म्हणून अतिशय बारीक छेद घेऊन ती पूर्ण कापतात. लहान बाळात हे काम बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि टाके घालावे लागत नाहीत. त्यानंतरचे शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात आणि तेवढ्या काळात कंडरा लांब होऊन पुन्हा जुळून येते. ‘पूर्ण कापतात’ हे ऐकून माझ्या हातापायांतले बळ गेले होते. ती पुन्हा भरून येते हे मात्र कोणी आधी नीट सांगितले नव्हते, म्हणून इथे ठळकपणे सांगत आहे. प्लास्टरवर टाचेपाशी रक्ताचा लहानसा डाग दिसणे नेहमीचे आहे. तो पसरत गेला तर कळवावे.

पाऊल सरळ झाले, मग बूट-दांडी कशासाठी?

या पानावरचा हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लास्टरचे काम दोन महिन्यांत आटोपते आणि त्यात कौशल्य डॉक्टरांचे असते. त्यानंतरची चार-पाच वर्षे मात्र पालकांच्या हाती असतात, आणि पाऊल सरळ राहणार की पुन्हा वळणार हे मुख्यतः त्या वर्षांत ठरते. ज्या कारणामुळे पाऊल वळले होते ते कारण प्लास्टरने नाहीसे होत नाही. वाढीच्या पहिल्या वर्षांत ऊती पाऊल पुन्हा आत ओढू पाहतात. वळलेले पाऊल दांडीला जोडलेल्या बुटात साधारण 60 ते 70 अंश बाहेर वळवून ठेवतात, तर निरोगी पाऊल 30 ते 40 अंशांवर ठेवतात. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी असते.

पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास हे बूट घालायचे असतात. उरलेला एक तास अंघोळीचा आणि मोकळ्या पायांनी खेळण्याचा. त्यानंतर रात्रीची झोप आणि दुपारची झोप मिळून 12 ते 14 तास, आणि हे चार ते पाच वर्षांचे होईपर्यंत. नेमके वेळापत्रक डॉक्टर ठरवतात, पण ते कमी करण्याचा अधिकार पालकांनी स्वतःकडे घेऊ नये.

पहिल्या रात्री बाळ सतत रडते. बूट काढावेत का?

काढू नयेत, पण आधी बूट नीट बसले आहेत का ते तपासावे. प्लास्टरमध्ये पाय वेगवेगळे हलत होते आणि आता दोन्ही एकत्र बांधले गेले आहेत, यामुळे बाळ गोंधळते. दांडीच्या मध्यावर हात ठेवून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे आणि एकदम सरळ करायचे, असे गाणे म्हणत म्हणत दिवसातून पुष्कळ वेळा केले की दोन्ही पाय मिळून मारता येतात हे बाळाला उमगते. आमच्याकडे पहिल्या दोन रात्री कोणीच झोपले नाही. तिसऱ्या रात्री ती दोन वेळा उठली आणि आठवड्याच्या शेवटी तिने स्वतः दोन्ही पाय उचलून दांडी पाळण्याच्या कठड्यावर ठेवली.

घालण्याची रीत हातात बसायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांसमोर स्वतः घालून दाखवावे. शिवण नसलेला सुती मोजा घालावा, गुडघा वाकवून टाच बुटात मागे आणि खाली सरकवावी, बुटाची जीभ घट्ट धरून आधी मधला पट्टा आवळावा आणि मग बाकीचे. बुटाच्या टाचेकडच्या भोकातून पाहून टाच टेकली आहे याची खात्री करावी. टाच नीट टेकलेली असताना बोटे जिथे पोहोचतात तिथे बुटाच्या आत खूण करून ठेवली, तर पुढे प्रत्येक वेळी एका नजरेत कळते. दांडीला जुना मऊ कपडा किंवा फोम गुंडाळावा; त्यामुळे बाळाच्या नडग्या, पाळणा आणि आई-वडिलांची हनुवटी या तिन्ही वाचतात.

कातडीवर लाल डाग किंवा फोड आले तर?

पहिल्या काही दिवसांत फिकट लाली येते आणि बूट काढल्यावर थोड्या वेळाने जाते. ती नेहमीची समजावी. गडद लाल डाग किंवा टाचेच्या मागे फोड दिसले तर पालकांना वाटते की बूट फार घट्ट झाले, आणि ते पट्टा सैल करतात. बहुतेक वेळा कारण नेमके उलटे असते: पट्टा सैल असल्यामुळे टाच बुटात वरखाली घासते. लाल जागेवर मलम किंवा तेल चोळू नये, त्याने कातडी मऊ पडून अधिक सोलते. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि बूट किती वेळ काढून ठेवायचे ते त्यांनाच विचारावे. टाच वारंवार निसटत असेल, तर पाऊल पूर्ण दुरुस्त झालेले नाही किंवा पुन्हा आखडू लागले आहे, अशीही शक्यता असते.

एकच पाऊल वळलेले असताना दोन्ही पायांत बूट का?

कारण एका पावलाला बाहेर वळवून धरण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागतो. नुसत्या एका बुटाने ते साधत नाही.

आजारपणात किंवा प्रवासात काही दिवस बूट नाही घातले तर काय होते?

आमच्या घरात जे झाले ते सांगते. मुलगी वीस महिन्यांची असताना तिला आठ दिवस ताप होता आणि आम्ही, कोणालाही न विचारता, बूट काढून ठेवले. ती बरी झाल्यावर बूट पाहताच पाय आखडून घेऊ लागली. मग आम्ही ती गाढ झोपल्यावर घालायचो आणि ती कुरकुरली की पहाटे काढून टाकायचो. चालते तर छान, असे एकमेकांना समजावायचो. दोन-अडीच महिन्यांनी अंघोळीनंतर ती ओल्या पायांनी फरशीवरून धावली आणि मागे ठसे उमटले. डाव्या पायाचा ठसा पूर्ण होता: टाच, कड, पाची बोटे. उजव्या पायाची फक्त बाहेरच्या कडेची अरुंद पट्टी उमटली होती आणि टाच जेमतेम ठिपक्याएवढी. आम्ही दोघेही त्या फरशीकडे पाहत उभे राहिलो, काही बोललो नाही.

तिला पुन्हा तीन प्लास्टरे घालावी लागली आणि बुटांचे वेळापत्रक नव्याने सुरू झाले. दोन वर्षांच्या चालत्या मुलीचा पाय प्लास्टरमध्ये असणे हे दोन महिन्यांच्या बाळापेक्षा कितीतरी कठीण असते. डॉक्टर रागावले नाहीत. क्लबफूट परत येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बूट न घालणे हेच आहे, इतकेच त्यांनी सांगितले. त्यानंतर आम्ही एकच नियम पाळला: दात घासणे, बूट, गोष्ट, दिवा बंद, याच क्रमाने, कोणाच्याही घरी असलो तरी. बूट घालायचे की नाही, हे तिला कधीही विचारले नाही. मोजे कोणत्या रंगाचे, हे मात्र रोज तीच ठरवत असे.

पाऊल पुन्हा वळू लागले आहे हे कसे ओळखावे आणि तेव्हा काय करतात?

टाच जमिनीला न टेकणे, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालणे, चालताना बोटे आत वळणे, पूर्ण खाली उकिडवे बसता न येणे आणि चपलेची बाहेरची कड लवकर झिजणे या खुणा घरीच दिसतात. लवकर दाखवल्यास पुन्हा काही प्लास्टरे आणि नियमित बूट यांनी बहुतेकदा भागते. साधारण अडीच-तीन वर्षांनंतर चालताना पाऊल सतत आत वळत असेल, तर नडगीच्या पुढच्या स्नायूची कंडरा पावलाच्या बाहेरच्या बाजूकडे हलवण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. ती करावी लागली म्हणजे आधीचे सगळे वाया गेले, असे अजिबात नाही.

मूल उशिरा चालेल का? दोन्ही पाय सारखे होतील का?

रांगणे आणि चालणे थोडे मागे-पुढे होऊ शकते, पण मुले चालतात, धावतात आणि खेळतात. वळलेले पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित लहान आणि पोटरी बारीक राहते. कितीही व्यायाम केला तरी हा फरक पूर्ण जात नाही, आणि तो उपचारातला दोष नाही. दिवसा साधे बूट पुरतात.

नुसत्या मालिशने पाऊल सरळ होईल असे घरचे म्हणतात. काय सांगावे?

प्रेमानेच सांगत असतात, म्हणून वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावे. माझ्या सासूबाईंनी एक प्लास्टर बदलताना पाहिले, त्यानंतर घरातल्या सगळ्यांना बोटांची रेघ दाखवून समजावण्याचे काम त्यांनीच केले. बाळ ज्यांच्याकडे राहते त्या प्रत्येकाला बूट घालता आले पाहिजेत, नाहीतर आई आजारी पडली की बूटही राहतात.

पुढच्या बाळालाही क्लबफूट होईल का?

एका मुलाला असल्यास पुढच्या बाळाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा काहीशी जास्त असते, तरी बहुतेक भावंडांना तो होत नाही. कुटुंबात आणखी कोणाला असेल किंवा बाळाला दुसरा आजारही असेल, तर अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांशी बोलावे. माझ्या धाकट्या मुलाची दोन्ही पावले सरळ होती, आणि जन्मल्यावर ती सर्वांत आधी पाहिली त्याच्या बहिणीने.